चालेल का?

मराठी भाषेत ‘चालणे’ या क्रियापदावर जेवढा भार पडला आहे तेवढा दुसऱ्या एखाद्या क्रियापदावर क्वचितच पडला असेल. पायांनी माणूस चालतो, चाकांवर गाडी चालते, दरबारात हुकूम चालतो, बाजारात नाणे चालते. आणि देवघरात बसलेला यजमान, लाल जास्वंद मिळाली नाही म्हणून कण्हेरीचे फूल हाती घेऊन गुरुजींच्या तोंडाकडे पाहतो, तेव्हा तोही ‘हे चालेल का?’ एवढेच विचारतो. या एका शब्दात दोन स्वतंत्र प्रश्न दडलेले आहेत: ते काम करण्याचे सामर्थ्य या वस्तूच्या अंगी आहे काय, हा एक, आणि त्या जागी बसण्याचा तिला अधिकार आहे काय, हा दुसरा. आयुष्याची सत्तर वर्षे हा शब्द मी दिवसातून दहा वेळा उच्चारला, तरुणपणी वाईस मीमांसाशास्त्राचा अल्पस्वल्प पाठही घेतला. तरी या दोन प्रश्नांतील अंतर किती मोठे आहे, आणि ते विसरल्यास माणूस जिवानिशी जाऊ शकतो, हे मला गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेतील एका टायरच्या दुकानात, वंगणाने माखलेल्या हातांच्या एका वृद्ध कारागिराने ‘नाही’ म्हटले तेव्हा प्रथम उमगले.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा मिशिगन राज्यात राहतो. त्याच्याकडे एक जुने मोटारघर आहे. म्हणजे निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेले, स्वतःच्या इंजिनावर देशभर फिरणारे घर. जनरल मोटर्स कंपनीने ही गाडी त्याच राज्यातील पाँटियाक गावी बांधली. 1973 ते 1978 या सालांचे नमुने मिळून ती 13,000 हून किंचित कमीच निघाली, आणि मग कंपनीने ते काम कायमचे बंद केले. भाच्याची गाडी 1976 सालची. त्या काळच्या इतर मोटारघरांहून तिची रचना अगदी निराळी आहे: इंजिनाची शक्ती पुढच्या दोन चाकांना मिळते, त्यामुळे तळाखालून मागे जाणारा फिरता दांडा तिला नाही; आणि मागची चार चाके अवजड वाहनांप्रमाणे जोडीजोडीने शेजारी न लावता प्रत्येक बाजूस एकामागे एक अशी लावलेली आहेत. या दोन योजनांमुळे गाडीचा तळ इतका खाली आला आहे की गुडघेदुखीने जेरीस आलेली माझी बहीण कोणाचा हात न धरता आत चढत असे. भाच्याने ती गाडी घेतली ती याच कारणासाठी. दर उन्हाळ्यात तो आईला उत्तरेकडे, सुपीरियर सरोवराच्या काठी घेऊन जाई. वाटेत मॅकिनॉ सामुद्रधुनीवर 1957 साली खुला झालेला, सुमारे 5 मैल लांबीचा झुलता पूल लागतो. कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या माझ्या बहिणीला एवढ्या पाण्यावरून एवढ्या उंचीने जाण्याचे भय वाटे. म्हणून पुलाचा चढ लागला की, चालकाशेजारच्या आपल्या खुर्चीत पदर सावरून, ती रामरक्षा म्हणू लागे, आणि फलश्रुतीपर्यंत येते तोच गाडी पलीकडच्या काठास लागे. हे तिने मला पत्रांतून दोनतीनदा कळवले होते.

ती गेली त्याला आता सहा वर्षे झाली. तिचे दिवसकार्य आटोपल्यावर भाच्याने ती गाडी घरामागच्या मेपल वृक्षाखाली उभी केली, आणि ती जागची हलली नाही. गेल्या उन्हाळ्यात मी तिकडे गेलो तेव्हा, माझ्या येण्यानेच त्याला बळ आले असावे, तो म्हणाला, ‘‘मामा, एकदा तुम्हाला घेऊन तिकडे जाऊन यावं असं फार मनात आहे.’’ इंजिन दोन दिवसांच्या खटपटीने सुरू झाले. परंतु टायर पाहिले तर त्यांची नक्षी बोटभर शाबूत आणि कडेच्या भिंती मात्र, दुष्काळात तळ्याची माती भेगाळावी तशा, बारीक चिरांनी भरून गेलेल्या. आणि जी बाजू झाडाच्या सावलीबाहेर उन्हात होती तिच्या चिरा अधिक खोल.

ज्यांना टायर केवळ रस्त्यावर झिजतो असे वाटते त्यांना हे नवल वाटेल; मलाही वाटले. रबर म्हणजे अतिदीर्घ साखळ्यांचा गुंता. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाने 1839 साली, गंधकाबरोबर तापवले असता त्या साखळ्या एकमेकींशी सांधल्या जाऊन हा चिकट पदार्थ टणक व चिवट होतो असे शोधून काढले, आणि तेव्हापासून सर्व टायर अशा पाकातून निघतात. पुढे हवेतील प्राणवायू आणि ओझोन त्या साखळ्या हळूहळू तोडत राहतात. त्यांना अडविण्यासाठी रबरात विशिष्ट मेण व रक्षक द्रव्ये मिसळलेली असतात. ती पृष्ठभागावर येऊन पातळ कवच धरतात, परंतु येतात ती मुख्यत्वे टायर वाकतो, दबतो, फिरतो तेव्हाच. चालणाऱ्या चाकाचे रक्षण चालण्यातून होते. उभे चाक आपले कवच हरवून बसते. म्हणून मोटारघरांचे टायर झिजण्यापूर्वी वयाने मरतात, आणि नक्षी कितीही चांगली असली तरी दहाव्या वर्षानंतर ते वापरू नयेत असे त्यांचे नामांकित निर्मातेच सांगतात.

बौद्ध आचार्य धर्मकीर्ती याने असा पक्ष मांडला होता की नाशाला बाहेरच्या कारणाची अपेक्षाच नसते. नाश होणे हा वस्तूचा स्वभाव आहे, अन्यथा ज्या वस्तूला नाशाचे कारण कधी गाठ पडले नाही ती अविनाशी ठरेल. नैयायिकांनी याला कसून विरोध केला: घट फुटतो तो मुद्गराच्या आघाताने, आपोआप नव्हे. झाडाखालच्या त्या सहा टायरांकडे पाहताना प्रथम मन धर्मकीर्तीकडे झुकते, कारण आघात कोणी केला नाही, ओझे वाढले नाही, रस्ता लागला नाही, तरी नाश झाला. रसायनशास्त्र मात्र नैयायिकांच्या बाजूने साक्ष देते: कारण होते, फक्त ते इतके सूक्ष्म आणि इतके सर्वत्र होते की ते नसल्यासारखे भासले. माझ्या बुद्धीला नैयायिकच पटतात. परंतु आपण जपून ठेवलेली वस्तू जपल्यामुळेच सुरक्षित राहील, ही जी समजूत शोकात माणसाला बिलगते, ती मोडण्यापुरता दोघांचाही उपयोग सारखाच आहे. भाच्याने ती गाडी आईची म्हणून जपली होती.

आता नवे टायर आणायचे, एवढेच काम उरले असे आम्हांस वाटले, आणि तेथेच खरी अडचण सुरू झाली. या गाडीच्या चाकांचा व्यास साडेसोळा इंच. बिनट्यूबच्या टायरांसाठी हलक्या मालमोटारींवर एके काळी हे माप पुष्कळ प्रचारात होते. पुढे सोळा इंचांचे माप सर्वमान्य झाले, साडेसोळाचे नवे वाहन बाजारात येईनासे झाले, आणि कारखान्यांनी एकामागून एक ते टायर बंद केले. सैन्याच्या हमवी गाडीला साडेसोळाच टायर लागतो, पण तो सदतीस इंच उंचीचा. या गाडीच्या चाकाच्या खोबणीत तो मावणे शक्य नाही. आमच्या लहानपणी सुतार बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवीत असे तो प्रसंग मला आठवला: धाव गोवऱ्यांच्या जाळात लालभडक करायची, चार माणसांनी सांडशीत धरून लाकडी चाकावर उतरवायची, आणि वरून घागरीने पाणी ओतायचे, की आक्रसणारे लोखंड आऱ्यांना आणि तुंब्याला असे काही आवळून धरी की चाक पुन्हा खुळखुळत नसे. धाव एक अंगुळ मोठी झाली तर ती गळून पडे, आणि लहान झाली तर चाक फोडी. त्या सुताराने मोजमापाची दोरी दोनदा लावल्याशिवाय धाव कधी कापली नाही.

दुकाने धुंडाळता धुंडाळता आमच्यापुढे दोन मार्ग आले, आणि दोन्ही मोहक होते. एका विक्रेत्याकडे अगदी मूळ मापाचे, मूळ नावाचे, एकदाही रस्ता न पाहिलेले टायर वखारीत पडून होते. साच्यातून निघताना रबराचे जे बारीक केस राहतात तेदेखील त्यांवर जसेच्या तसे. भाच्याचे डोळे पाणावले, कारण गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिला असेच टायर होते. टायरच्या भिंतीवर उठवलेल्या अक्षरांत शेवटचे अंक निर्मितीचा काळ सांगतात. 2000 सालापासून ते चार असतात, दोन आठवड्याचे व दोन वर्षाचे, आणि त्यापूर्वी तीनच असत. या टायरांवर तीन अंक होते. म्हणजे वखारीच्या अंधारात, कागदात गुंडाळलेले, ते पाव शतकाहून अधिक काळ मरत होते. विक्रेता खोटे बोलला नाही. ते कधी वापरलेले नव्हते हे खरेच होते.

दुसरा मार्ग मला अधिक सोपा वाटला, आणि तो सुचविणारा मीच होतो याची मला अजून धास्ती वाटते. सोळा इंचांचे उत्तम, नवे, भरपूर वजन पेलणारे टायर कोपऱ्यावरच्या दुकानात रास रचून ठेवलेले होते. अर्ध्या इंचाचा फरक. रबर ताणले जाते. थोडी जास्त हवा भरली की बसेल. मी त्या वृद्ध कारागिरास भाच्यामार्फत विचारले. त्याने हातातले काम खाली ठेवले आणि एक जुना रिम आमच्यापुढे आडवा करून बोटाने दाखवले. टायरची कड जेथे टेकते ती रिमची बैठक सोळाच्या चाकात पाच अंशांनी उतरती असते. साडेसोळाच्या चाकात ती पंधरा अंशांनी उतरती. सोळाचा टायर त्या रिमवर चढतो, दिसायला बसल्यासारखा दिसतो, पण त्याची कड आपल्या जागी कधीच बसत नाही. मग माणूस हवा वाढवीत जातो, आणि कडेच्या आत जे पोलादी तारेचे वेटोळे असते ते तटकन तुटून टायर स्फोट होऊन उडतो. अशा रीतीने हवा भरणारी माणसे मेलेली आहेत. म्हणून सोळा इंचांच्या टायरच्या अंगावरच, साडेसोळाच्या रिमवर तो कधीही चढवू नये, अशी ताकीद छापलेली असते. ती त्याने आम्हास वाचायला लावली. ‘‘चढेल,’’ अशा अर्थाचे काहीतरी तो म्हणाला, ‘‘पण मी चढवणार नाही.’’

त्याच आठवड्यात बहिणीची तिथी होऊन गेली होती. तेथे दर्भ मिळाला नव्हता. भाच्याने अंगणातले लांब पात्यांचे गवत आणून माझ्यापुढे धरले होते, ‘‘मामा, हे चालेल ना?’’ आणि मी, आपल्याकडे सुपारी गणपती म्हणून पूजतात, अलंकाराच्या जागी अक्षता वाहतात, श्राद्धाला ब्राह्मण न मिळाल्यास दर्भाचा बटू बसवतात, या सगळ्याच्या भरवशावर, क्षणाचाही विचार न करता ‘‘चालेल’’ म्हणालो होतो. दुकानातून परतताना मला त्या उत्तराची लाज वाटली. गवत चुकीचे होते म्हणून नव्हे. त्या कारागिराने रिमकडे जेवढ्या आदराने पाहिले तेवढ्या आदराने मी त्या गवताकडे पाहिलेच नव्हते, म्हणून.

वस्तुतः आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार फार बारकाईने झालेला आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद पुष्कळसा प्रतिनिधीच्या चर्चेनेच व्यापलेला आहे, आणि शबरस्वामींच्या भाष्यात तिची उदाहरणे येतात. वाईच्या केवलानंद सरस्वतींनी सात खंडांचा मीमांसाकोश रचला त्या नगरीत मी हा पाद शिकलो. पण तेव्हा तो मला परीक्षेपुरता कंठस्थ होता. पुरोडाशासाठी, म्हणजे यज्ञात अर्पायच्या पिठाच्या रोटीसाठी, व्रीही, म्हणजे भात, सांगितली आणि ती मिळाली नाही, तर कर्म सोडून द्यायचे की नीवार, म्हणजे रानभात, घ्यायचा? सिद्धान्त असा की नित्यकर्म टळू नये आणि आरंभिलेले काम्यकर्मही अर्ध्यावर सोडू नये. म्हणून प्रतिनिधी घ्यावा, आणि तो मूळ द्रव्याशी जास्तीत जास्त सदृश असावा, कारण व्रीहीचे जे अवयव यज्ञाला हवे असतात त्यांतले पुष्कळसे नीवारात सापडतात.

येथवर कोणीही येईल. परंतु मीमांसक येथे थांबत नाही. सादृश्य हे प्रमाण मानले की लोक सादृश्याच्या मागे धावतील हे तो ओळखतो, आणि त्या धावेला तीन ठिकाणी बांध घालतो. पहिला बांध निषेधाचा: उडीद, वरक आणि कोद्रव ही धान्ये यज्ञाला अयोग्य म्हणून श्रुतीनेच वर्ज्य केली आहेत, मूळ धान्याशी त्यांचे कितीही साम्य असो, प्रतिनिधी म्हणूनसुद्धा ती यज्ञशाळेत येऊ शकत नाहीत. सोळा इंचांचा तो टायर म्हणजे उडीद होता. दुसरा बांध मला याहून मार्मिक वाटतो: व्रीहीच्या जागी घेतलेला नीवारही जर नष्ट झाला, तर पुढचे द्रव्य नीवाराशी सदृश शोधायचे नाही, मूळ व्रीहीशीच सदृश शोधायचे, कारण आज्ञा व्रीहीची होती, नीवाराची नव्हती. पहिल्या दोन दुकानदारांनी काय केले होते? झाडाखालच्या गाडीवर जे टायर होते त्यांचे आकडे लिहून घेतले आणि त्यांच्याशी जुळणारे शोधू लागले. पण ते टायर मूळचे नव्हतेच. आधीच्या मालकाने जे हाती लागले ते बसवले होते. प्रतिनिधीचा प्रतिनिधी, आणि त्याचा पुन्हा प्रतिनिधी, असे करीत गेल्यास प्रत्येक पायरी आधीच्या पायरीशी जुळते आणि तरीही चौथ्या पायरीवर मूळ आज्ञेचा मागमूस राहत नाही. संस्थांचे, पंथांचे आणि घराण्यांचे अधःपतन असेच होते असे मला वाटते. कोणीही एक पिढी मूळ सोडत नाही, प्रत्येक पिढी फक्त आपल्या बापासारखी वागते. वृद्ध कारागीर मात्र टायरांकडे न पाहता चालकाच्या जागेजवळ लावलेल्या कारखान्याच्या पत्र्याकडे गेला, ज्यावर कोणत्या आसावर किती भार आणि टायरात किती दाब हे कोरलेले होते. तो पत्रा म्हणजे विधिवाक्य.

तिसरा बांध मूळ द्रव्यालाच घातलेला आहे, आणि त्यावर मी अनेक दिवस थबकून राहिलो. यूप, म्हणजे यज्ञात पशू बांधायचा खांब, खैराचा सांगितला आहे. खैर मिळाला, पण इतका किरकोळ की पशू बांधला तर तो मोडेल. दुसऱ्या झाडाचे भक्कम लाकूड मात्र हाताशी आहे. अशा वेळी काय घ्यावे? श्रद्धाळू मनाला वाटेल, अस्सल ते अस्सल. जैमिनीचा निर्णय उलट आहे: द्रव्य आणि प्रयोजन यांचा विरोध आला तर प्रयोजन राखावे, कारण द्रव्य हे प्रयोजनासाठी आहे. केवढे धैर्य आहे या निर्णयात! शब्दाला सर्वस्व मानणारे, वेदातील एक अक्षर इकडचे तिकडे होऊ न देणारे हे शास्त्र, शब्दाने सांगितलेली वस्तू समोर असताना ती बाजूला ठेवावयास सांगते, कारण ती नावापुरतीच उरलेली आहे. वखारीतले ते मूळ मापाचे, न वापरलेले टायर म्हणजे तो किरकोळ खैर. भाच्याला हे मी त्या रात्री समजावून सांगितले. तो पुष्कळ वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे आईचे म्हणून जे जपलं, ते आईसाठी नव्हतंच.’’ मी त्याला दुजोरा दिला नाही, आणि नाकारलेही नाही.

अस्सल आणि बदली यांचा झगडा आपल्या इतिहासाने रक्त गोठवील अशा रीतीने पाहिलेला आहे. धर्मशास्त्रात दत्तकाला पुत्रप्रतिनिधी म्हटले आहे, आणि पुत्राची छाया ज्याच्या ठायी आहे असा तो असावा असे नंदपंडिताच्या दत्तकमीमांसेत येते. 1848 साली साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब निवर्तले. मृत्यूच्या उंबरठ्यावर त्यांनी दत्तक घेतला होता. कंपनी सरकारच्या दप्तराने असा भेद केला की खाजगी मिळकतीपुरता दत्तक चालेल, गादीला चालणार नाही. आणि शिवछत्रपतींच्या वंशाची ती गादी खालसा झाली. तेथे प्रतिनिधी अपात्र होता काय? मुळीच नव्हे. अधिकार कोणाला हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा नव्हता त्याने तो बळकावला, हा तो अन्याय. आणि म्हणून सामर्थ्य व अधिकार हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची गरज मला यंत्रशाळेपुरती वाटत नाही.

पण सर्वच गोष्टींना प्रतिनिधी असतो काय? मीमांसक म्हणतो, नाही. द्रव्याला असतो, देवतेला नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही. याचे कारण मला विलक्षण प्रामाणिक वाटते. धान्य काय काम करते ते डोळ्यांना दिसते: ते कांडले जाते, दळले जाते, त्याचा पुरोडाश होतो, म्हणून दुसरे धान्य तेच काम करते की नाही हे पारखता येते. देवतेने, मंत्राने जे साधते ते अदृष्ट आहे; ते कसे साधते हे आपल्याला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते दुसऱ्यानेही साधेल असे म्हणण्याचा आपल्याला हक्क नाही. प्रतिनिधीची सीमा ही आपल्या ज्ञानाची सीमा आहे. टायरचे काम दिसते. ते पौंडांत मोजता येते. आईचे काम काय होते? जेवण, धुणे, औषधाची आठवण, एवढे दिसणारे होते, आणि त्या प्रत्येकाला प्रतिनिधी मिळतो. भाच्याच्या घरी तो मिळालेलाही आहे. बाकीचे अदृष्ट. नागसेन भिक्षूने राजा मिलिंदास रथाचे चाक, आस, दांडा वेगवेगळे दाखवून ‘रथ’ हा केवळ व्यवहारापुरता शब्द आहे असे सिद्ध केले, तो संवाद मला तरुणपणी फार आवडे, आणि ‘सर्व भाग बदलल्यावर गाडी तीच का?’ हा प्रश्न मी वर्गातही रंगवीत असे. आज तो मला बुद्धीचा व्यायाम वाटतो. टायर बदलणाऱ्या माणसाला ‘तीच का?’ हे जाणण्याची निकड नसते; ‘पेलेल का?’ आणि ‘बसवावा का?’ हे त्याला जाणावेच लागते.

मार्ग निघाला तो रिम बदलून. टायर रिमला जुळत नसेल तर टायर ताणू नये. या गाडीच्या पुष्कळ मालकांनी केले आहे त्याप्रमाणे, तिच्या आसाला बसणारी सोळा इंचांची चाके आणावीत, म्हणजे सोळाच्या टायरचा निषेध आपोआप गळून पडतो, कारण निषेध टायरला नव्हता, संयोगाला होता. चाके येईपर्यंत आम्ही गाडी, जुन्याच टायरांवर आणि पायी चालल्याच्या वेगाने, जवळच्या मालमोटारींच्या थांब्यावरील वजनकाट्यावर नेली. पाण्याची टाकी भरून, भांडीकुंडी व अंथरुणे ठेवून, आम्ही दोघे आत बसून तोलली तेव्हा एकूण भार सुमारे 12,000 पौंड भरला. त्यांपैकी पुढच्या आसावर 4,500, म्हणजे पुढच्या प्रत्येक टायरवर 2,250. कारागिराने निवडलेला टायर 80 पौंड दाबाला 2,680 पौंड पेलणारा होता. त्याने निर्मितीचा आठवडा वाचून दाखवला, सहाही टायर एकाच वर्षाचे आहेत हे पाहून घेतले, आणि हवा भरताना टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवून स्वतः बाजूला उभा राहिला. प्रत्येक टायरच्या दोन्ही कडा रिमवर बसताना दोनदा ‘टक’ असा आवाज होई. तो ऐकल्यावाचून कारागीर पुढच्या चाकाकडे वळला नाही. जुनी चाके भाच्याने परत आणली आणि गोठ्यासारख्या एका छपराखाली भिंतीशी उभी करून ठेवली. ती का ठेवलीस, असे मी विचारले नाही.

निघण्याच्या सकाळी त्याने चालकाशेजारची खुर्ची पुसली. तिच्या पाठीवर बहिणीची शाल अजून होती. ती त्याने उचलली, घडी केली, आणि कोठे ठेवावी हे न सुचून हातात धरून उभा राहिला. ‘‘मामा, तुम्ही इथे बसाल?’’ मला त्या पादातले आणखी एक अधिकरण आठवले. यजमानाला प्रतिनिधी नाही, हा तर सिद्धान्तच. रामाने अश्वमेधाच्या वेळी सीतेच्या जागी सुवर्णाची प्रतिमा बसवली ही उत्तरकांडातली कथा ऐकताना मीमांसकाच्या कपाळी आठी पडली असेल. पण सत्रामध्ये, जेथे सतरा यजमान एकत्र दीक्षा घेतात, मध्येच एखादा मृत्यू पावला तर संख्या पुरी करण्यासाठी दुसरा माणूस आणावा असे सांगितले आहे. तो आणलेला माणूस यजमान होत नाही. यजमानाचे सर्व नियम त्याला पाळावे लागतात; फळावर मात्र त्याचा हक्क नाही. वाईस असताना हा न्याय मला रूक्ष व थोडा निर्दयही वाटला होता.

मी शाल त्याच्या हातून घेतली, मांडीवर ठेवली आणि खुर्चीत बसून पट्टा बांधला. दिवसभर गाडी उत्तरेकडे चालली. उन्हे कलती झाल्यावर झाडांच्या रेषेवर पुलाचे दोन उंच मनोरे दिसू लागले, आणि मग दोन्ही बाजूंनी जमीन सुटून खाली निळेकरडे पाणी. भाच्याने वेग कमी केला. तो काही बोलला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. परंतु तो वाट पाहत होता. चढ सुरू झाला, चाकांखाली पुलाच्या लोखंडी जाळीचा स्वर बदलला, आणि मी रामरक्षा म्हणायला सुरुवात केली.